मंगळवारचा हार

“हुंगू नका. देवीचं हाये.”

हार हातात घेतला की माणसाचा हात आपोआप नाकाकडे जातो. तुमचाही जात असेल. आमच्या फुलवाल्या मावशीपुढे मात्र कोणाची ती हिंमत नव्हती. एकदा मोठ्या गाडीतून उतरलेल्या एका बाईंनी शेवंतीचा हार उचलून डोळे मिटून लांब श्वास घेतला. हिने तो शांतपणे त्यांच्या गळ्यात टाकला आणि म्हणाली, “हा आता तुमचा झाला. घालून घरी जा. देवीले दुसरा देतो.” त्या बाई तशाच हार घालून पायऱ्या चढल्या, आणि वरती पुजाऱ्याला वाटलं कुठला सत्कार आहे.

अकोल्याच्या जुन्या भागात देवीचं एक देऊळ आहे. त्याच्यासमोर माझं चष्म्याचं दुकान. माझ्या काचेतून देवळाच्या पायऱ्या दिसतात आणि पायऱ्यांच्या डाव्या बाजूला तिची बसायची जागा दिसायची. वर निळी ताडपत्री, खाली लाकडी पाट, बाजूला पाण्याचा माठ. आम्ही सगळे तिला मावशी म्हणायचो. ती मला चश्मेवाले भाऊ म्हणायची.

तिची एक गंमत होती. दुपारी गिऱ्हाईक नसलं की ती माझ्या दुकानात येऊन पंख्याखाली बसायची आणि माझ्या गिऱ्हाइकांना सल्ले द्यायची. “हा नोको घेऊ बाप्पा, यात तू मास्तर दिसतं.” पोरगा खरोखरच दुसरी फ्रेम घ्यायचा. एका मुलीला तिने सांगितलं, “हा घे. यात तुये डोये मोठे दिसून राह्यले.” त्या मुलीने दोन मैत्रिणी आणखी आणल्या. चष्म्यापेक्षा तिच्या बोलण्यावर माझा धंदा चालायचा, असं माझी बायको म्हणायची.

एक दिवस ती स्वतःच खुर्चीवर येऊन बसली.

“मले चश्मा बनवून द्या.”

मी सुई-दोरा पुढे केला. तिच्या वयाच्या बायकांना जवळचं दिसेनासं होतं, तिला सुई ओवायला त्रास होत असणार असं मी धरून चाललो. तिने झटक्यात दोरा ओवून दाखवला.

“जवळचं दिसते. दूरचं पाह्याचं हाये. त्या वरच्या पायरीवर जो मानूस उभा राह्यते, त्याचं तोंड साफ दिसलं पाह्यजे.”

तिला अक्षरं येत नव्हती, म्हणून मी तिच्यासमोर तीन पायांच्या खुणांचा तक्ता लावला. “हे टेबल कुन्या बाजूनं पडलं, ते सांगा.” ती प्रत्येक टेबलाची नीट चौकशी करत होती, जणू उचलून उभं करायचं आहे. चष्मा तयार झाला. तिने घालून दारात उभं राहून वरच्या पायरीकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. पायरीवर तेव्हा कोणीच नव्हतं.

“आता दिसते,” ती म्हणाली.

तुम्ही म्हणाल, मला तेव्हाच कळायला हवं होतं. नाही कळलं. दर मंगळवारी सकाळी एक पांढरी गाडी यायची, त्यातून पांढऱ्या कपड्यांतला एक धिप्पाड माणूस उतरायचा आणि तिच्याकडूनच हार, नारळ, पेढे घ्यायचा. शेजारी तीन फुलवाल्या होत्या, पण त्यांच्याकडे तो बघायचाही नाही. त्याच्यासाठी ती वेगळा हार करून ठेवायची. झेंडू निवडून घ्यायची, मधे मधे निशिगंध, खाली मोठा गोंडा. तो काही बोलायचा नाही. तीही नाही. त्याचा ड्रायव्हर टोपली घेऊन मागे चालायचा. मग ती चष्मा लावून त्याची पाठ पाहत बसायची, तो आत जाईपर्यंत. तो बाहेर पायरीवर आला की त्याचं तोंड. मला वाटायचं, बांधलेलं गिऱ्हाईक आहे, मावशी जपते.

एका उन्हाळी दुपारी तिने माझ्या टेबलावर एक पुडकं ठेवलं. कपाशीवर मारतात त्यातलं औषध. पाकिटावर लाल खूण होती.

“याच्यावर काय लिवलं, वाचून दाखवा.”

मी वाचलं. विषारी आहे, हाताला लागू देऊ नका, लेकरांपासून दूर ठेवा.

“मानसाले किती लागते?”

“मावशी, झेंडूवर अळी आली का?”

“हो,” ती म्हणाली. “अळीच म्हना.”

मी दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि तिच्यासमोर बसलो. मग तिने सांगितलं, जसं दुसऱ्या कोणाच्या घरचं सांगावं तसं, हातातल्या पिशवीचा बंद गुंडाळत आणि सोडत.

तिचं गाव अकोल्यापासून फार दूर नाही. नदीकाठी मळा. झेंडू, शेवंती, थोडा भाजीपाला. नवरा आधीच गेलेला, लेक लग्न होऊन शेंदूरजनाघाटला. घरात ती आणि मुलगा उमेश. उमेश रोज पहाटे टेम्पोत फुलं भरून अमरावतीच्या बाजारात न्यायचा. नदीतली वाळू काढणाऱ्यांनी खणत खणत यांच्या मळ्याचा काठ पोखरला. बांध खचला, दोन ओळी झेंडू नदीत गेला. उमेशने एकदा सांगितलं, दोनदा सांगितलं. मग एका पहाटे तो वाळूच्या ट्रॅक्टरसमोर जाऊन उभा राहिला.

सकाळी तो नदीच्या पात्रात सापडला. कागदावर लिहिलं गेलं, अज्ञात वाहनाची धडक. वाहन कोणाचं ते सगळ्या गावाला माहीत होतं. गावातलं एक माणूस बोललं नाही. तीसुद्धा गावाला दोष द्यायची नाही. म्हणायची, “त्यायचेबी लेकरं हायेत.”

“मी तं देवीजवळ आली,” ती म्हणाली. “तिले म्हनलं, तुया हातून होत नशीन तं माया हातून कर. अन पाह्यतो तं काय, दुसऱ्याच मंगळवारी थो वाळूवाला अथी उभा. पांढरे कपडे घालून. मले वाटलं देवीनंच आनून देल्ला. मंग मी पाट टाकला अन बसली.”

आमच्याकडच्या बायका ‘करते’, ‘देते’ म्हणत नाहीत, ‘करतो’, ‘देतो’ म्हणतात. ती ‘पाह्यतो’ म्हणाली, पण त्या शब्दात कुठे राग नव्हता. नुसतं पाहणं होतं.

“मग?” मी विचारलं.

“मंग काय. औषध आनलं. पेढ्यात घालाचं ठरवलं. पेढा हातात घेतला अन ध्यानात आलं.” ती थांबली. “भाऊ, थो मायाजवळून जे घेते, थे आधी देवीच्या तोंडाले लागते. मंग त्याच्या. अन मंग पायरीवरच्या लेकरायच्या. देवीच्या तोंडात इख कसं देऊ मी? थो देवीच्या आड उभा हाये.”

मी म्हटलं, पोलिसांत जाऊ, वकील बघू. ती माझ्याकडे अशी बघत राहिली, जणू मीच लहान मूल आहे. मी तिच्याकडे ते पुडकं मागितलं. तिने दिलं नाही.

“कायजी करू नका. हारात नाही घालनार.”

त्यानंतरचे महिने मी काचेच्या अलीकडे आणि ती काचेच्या पलीकडे, त्या मंगळवारांत अडकलो होतो. ती उठून गावी जाऊ शकत नव्हती, कारण तो इथे यायचा. तो यायचा म्हणून ती हार करायची. हार वाईट करणं तिला जमत नव्हतं, कारण हार देवीचा. ज्याचं वाटोळं व्हावं म्हणून ती बसली होती, त्याच्यासाठी सगळ्यात चांगलं फूल निवडत होती. ती देवीशी भांडायची. मी ऐकलंय. सकाळी पायऱ्या झाडताना आत तोंड करून म्हणायची, “तू कोनाची हायेस, एकदा सांगून टाक. त्याची असशीन तं मी आपली घरी जातो.” आणि मग पदर खोचून पुढची पायरी झाडायची.

एकदा मी तिला म्हटलं, “मावशी, सोडून द्या. लेकीकडे जा. संत्र्याची बाग आहे, नातवंडं आहेत.”

“जाईन ना. पन थो मायासंग येईन, त्याचं काय करू?”

पुढच्या वर्षीचा मे महिना. अकोल्याचा मे तुम्हाला सांगायला नको. दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा नसतं. नैवेद्य होऊन देवळाचं दार बंद झालं होतं. मंगळवार होता की नाही आठवत नाही, नसावा, कारण गाडीत तो एकटाच होता. ड्रायव्हर नव्हता, तो स्वतःच चालवत होता. उतरला, दार बंद पाहिलं, परत वळला आणि तिच्या ताडपत्रीखाली भिंतीला धरून खाली बसला. चेहरा पांढरा पडला होता.

“मावशी,” तो म्हणाला. “पानी द्या.”

मी दुकानातून पाहत होतो. रस्ता अरुंद आहे, सगळं ऐकू येत होतं. दार बंद. मधे देवी नाही, लेकरं नाहीत, नैवेद्य नाही. तिचा हात पाटाखाली गेला. ती जागा मला माहीत होती, औषधाचं पुडकं तिथेच असायचं. मी दार ढकलून बाहेर आलो, पण रस्ता ओलांडायच्या आधीच तिने हात बाहेर काढला. हातात रिकामा पेला होता. तिने तो माठात बुडवून भरला आणि त्याच्यासमोर धरला, पण दिला नाही.

“नाव घे,” ती म्हणाली.

“कोनाचं?”

“तुले मालूम हाये. नाव घे, मंग पानी देतो.”

त्याने वर पाहिलं. त्याला माहीत होतं. पहिल्या दिवसापासून माहीत होतं, ती कोण आहे ते.

“उमेश,” तो म्हणाला.

तिने पाणी दिलं. तो घटाघट प्यायला, अर्धं अंगावर सांडलं. मग तो पेला दोन्ही हातांत धरून रडायला लागला. एवढा मोठा माणूस.

“मावशी, त्यानंबी पानीच मांगतलं होतं.”

तिने माठावर झाकण ठेवलं.

“मले वाटलं थो हटन. मी म्हनलं, घाल रे अंगावर, हटते आपोआप. नाही हटला. खाली पडल्यावर पानी मांगे. आमी निंगून गेलो.” त्याने नाक पुसलं. “तवापासून मले झोप नाही. एका महाराजानं सांगतलं, देवीले शरन जा. अथी आलो तं तुमी बसलेल्या. मले वाटलं, तुमच्या हातचा हार चढवला तं देवी माफ करन. म्हनून तुमच्याचकडून घेतो.”

तिने त्याच्या हातातून पेला काढून घेतला. तो उठला, गाडीत बसला आणि गेला. मी तिच्याजवळ जाऊन उभा राहिलो. ती आपल्या बोटांकडे पाहत होती, दोऱ्याने चिरा पडलेल्या.

“मी याले टिपून राह्यली म्हनत होती,” ती म्हणाली. “अन हा माया हातानं माफी मांगून राह्यला होता. दर मंगळवारी. मायाच हातानं.”

पाणी द्यायच्या आधी तिला ते कळलं असतं तर तिने काय केलं असतं, हे मी तिला कधी विचारलं नाही. तुम्हीही विचारलं नसतं.

त्या दिवशी संध्याकाळी तिने ते पुडकं माझ्या टेबलावर आणून ठेवलं. “हे तुमीच कुठंतरी खोल पुरा,” म्हणाली. “याचं काम नाही आता. त्याले देवीपासून दूर न्याचं पाहून राह्यली होती मी. उलटं करा लागते. त्याले तिच्याच समोर उभं करा लागते.”

नवरात्रात आमच्या देवळात नवमीला होम असतो. त्या वर्षी होमाला तोच बसणार होता, बायकोसह. मांडवही त्यानेच घातला होता. सकाळपासून गर्दी. मी दुकान बंद ठेवून पायरीवर उभा होतो. तो सोवळं नेसून वर आला, मागे बायको, तिच्यामागे टोपली घेऊन ड्रायव्हर. गाभाऱ्याच्या उंबऱ्यात मावशी उभी होती. नवं लुगडं नेसलेली. हातात काही नव्हतं.

“मावशी, बाजूले व्हा, मुहूर्त जाऊन राह्यला,” पुजारी म्हणाला.

“एक गोष्ट विचारतो अन होतो बाजूले,” ती म्हणाली. आवाज चढवलेला नव्हता, पण मांडवभर ऐकू गेला. “माया उमेशच्या अंगावर ट्रॅक्टर घाल म्हून तू म्हनलं. मायाजवळ कबूल केलं. मायं म्हननं खोटं असन तं देवीच्या पायाले हात लाव अन नाही म्हन. एवढंच. मंग मी गावी चालली जातो, तुले पुन्हा दिसत नाही.”

लोक कुजबुजायला लागले. त्याच्या माणसांपैकी दोघे पुढे आले, पण पुजाऱ्याने त्यांना हाताने थांबवलं. खोटं बोलणं त्याच्यासारख्याला काय अवघड होतं? साहेबलोकांसमोर त्याचं खोटं बोलून झालं होतं. ती बाजूला झाली, पण आत जाऊन तो हात पुढे करायचा आणि मागे घ्यायचा. देवीच्या पायांपासून वीतभर अंतरावर त्याची बोटं थांबत होती. त्याची बायको त्याला म्हणाली, “सांगा ना हो. नाही म्हनून सांगून टाका ना.” पुन्हा म्हणाली. तिसऱ्यांदा ती ‘सांगा ना’ म्हणाली तेव्हा तिचा आवाज फुटला, कारण तिला कळलं होतं.

तो तसाच मागे फिरला आणि पायऱ्या उतरून गेला. ड्रायव्हरच्या हातातली टोपली खाली पडली होती. नारळ गडगडत रस्त्यापर्यंत गेला.

ट्रॅक्टर त्या पहाटे चालवणारा माणूस म्हणजे हाच ड्रायव्हर. दसरा झाला आणि तो आपल्या पायांनी पोलिस ठाण्यात जाऊन बसला. म्हणाला, देवीपुढे मालकाचा हात पुढे होईना, मी सगळं पाहिलं, आता माझ्याने होत नाही. मग कागद पुन्हा उघडले. मालकालाही पकडून नेलं. मीही जबाब दिला, मे महिन्यातल्या त्या दुपारी काय ऐकलं तो. दोन दिवसांनी कोणीतरी माझ्या दुकानाची काच फोडली. सकाळी मी पोचलो तर मावशी आधीच खराटा घेऊन काचा गोळा करत होती.

“तुमी नोको हात लावू,” ती म्हणाली. “तुमाले बारीक काम करा लागते.”

“मावशी, पुन्हा फोडतील.”

“मंग पुन्हा झाडीन.”

तुम्हाला वाटेल, इथे ती मोकळी झाली. मलाही वाटलं. पण मंगळवारी सकाळी ती अजून हार करून ठेवायची. तो न्यायचा तसाच. दुपारपर्यंत तो तसाच टांगलेला असायचा, मग स्वतःच नेऊन देवीला घालायची. कोर्टाच्या तारखेला आम्ही बरोबर जायचो. एका तारखेला बाकावर बसलो असताना त्याला पोलिसांनी समोरून आणलं. दाढी वाढली होती. तो पोलिसाला काहीतरी म्हणाला आणि तिच्यासमोर येऊन वाकला.

तिने दोन्ही पाय वर बाकावर घेतले.

“पाय नाही,” ती म्हणाली.

“मावशी, माफ केलं म्हना. एकदा म्हना.”

“म्हनलं तं तू सुटशीन. मी कुठं सुटली?”

पोलिसाने त्याला उठवून नेलं. ती बराच वेळ पाय वर घेऊन तशीच बसून राहिली. खाली ठेवायचं सुचलं नाही तिला, मी हळूच सांगितलं तेव्हा ठेवले.

तिची साक्ष झाल्यावर लेक येऊन तिला घेऊन गेली. पाट आणि ताडपत्री तिने शेजारच्या फुलवालीला दिली. माझ्या दुकानात येऊन म्हणाली, “येतो भाऊ,” आणि गिऱ्हाईक बसलं होतं त्याच्या नाकावरची फ्रेम जाता जाता सरळ केली.

निकाल लागायला वेळ लागला. लागला तेव्हा मी कोर्टात होतो. त्याला मोठी शिक्षा झाली. ही गोष्ट फोनवर सांगायची नाही असं मी ठरवलं. अमरावतीला गाडी बदलून दुपारी शेंदूरजनाघाटला पोचलो. तिच्या लेकीचं घर बागेला लागूनच. अंगणात संत्र्यांचा ढीग पडला होता आणि पाच-सहा बायका निवडत बसल्या होत्या. मोठं एका बाजूला, बारीक दुसऱ्या बाजूला. त्यांच्यात ती होती. वाळून गेली होती, पण हात तसाच सपासप चालत होता.

“शिक्षा झाली, मावशी.”

तिने मान हलवली. हात थांबला नाही. लेकीने पदर डोळ्यांना लावला. मग मावशीने विचारलं,

“त्याची माय हाये?”

“आहे. कोर्टात आली होती. मागच्या भिंतीला टेकून बसली होती.”

“कोन होतं तिच्यासंग?”

“कोणी दिसलं नाही. सून आता माहेरी असते म्हणतात.”

“मंग घरी कशी गेली थे?”

मला माहीत नव्हतं. निकाल लागला, वकिलाने माझा हात हलवला, आम्ही बाहेर चहा घेतला. ती म्हातारी केव्हा उठली, कोणी तिला रिक्षात बसवलं की नाही, मी बघितलं नव्हतं.

“पाह्यलं नाही तुमी?”

“नाही, मावशी.”

ती माझ्यावर चिडली. माझ्या आठवणीत पहिल्यांदाच. “एक म्हातारी बाई एकटी बसून होती अन तुमी पाह्यलं नाही?” हातातलं संत्रं तिने कोणत्याच ढिगात टाकलं नाही, ते घेऊनच उठली आणि बागेच्या कडेला जाऊन, आमच्याकडे पाठ करून उभी राहिली. लेक म्हणाली, येईल थोड्या वेळात, तुम्ही चहा घ्या.

मी चहा घेतला. बायकांनी पुन्हा निवडायला सुरुवात केली, ट्रकवाला येऊन क्रेट मोजायला लागला, उन्हं झाडांच्या मागे गेली. ती काही वळली नाही. परतीची गाडी निघायची वेळ झाली म्हणून मी उठलो.